एकबारी पिस्तूलवाला

अमेरिकेच्या ईशान्येकडील जंगलपट्ट्यात, न्यू हॅम्पशरपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत, हरणाच्या शिकारीला रायफलऐवजी पिस्तूल, आणि तेही एका वेळी एकच काडतूस घेणारे पिस्तूल, नेणारा जो इसम आढळतो, त्याला शिकारी म्हणण्याचा प्रघात असला तरी त्याच्या आयुष्याचा बहुतांश भाग मोजमापात खर्च होतो. त्याचे शस्त्र बहुधा वॉरन सेंटर यांनी रचलेले आणि १९६७ मध्ये बाजारात आलेले 'कंटेंडर' असते. त्याची नळी एक खीळ काढून बदलता येते, त्यामुळे एका सांगाड्यावर डझनभर नळ्या बाळगता येतात; आणि अमेरिकी कायदा शस्त्र म्हणून सांगाडाच मोजत असल्याने, सरकारच्या लेखी व पत्नीच्याही लेखी, घरात पिस्तूल एकच राहते.

या इसमाचा सारा जीव पिळात गुंतलेला असतो. नळीच्या आत कोरलेले सर्पिल चरे गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी देतात. या चऱ्यांचा एक फेरा जितक्या इंचांत पुरा होतो, त्याला त्या नळीचा पीळ म्हणतात, आणि आकडा जितका लहान तितकी गिरकी वेगवान. गिरकी अपुरी पडली तर गोळी हवेत डोलू लागते आणि कागदी लक्ष्यावर आडवी आदळून किल्लीच्या भोकासारखे छिद्र पाडते. सर्वसामान्य नेमबाज अशा वेळी डब्यावरचे वजन वाचून हलकी गोळी आणतो. एकबारी पिस्तूलवाला मात्र हे ऐकताच 'वजन नव्हे, लांबी' असे बजावतो, आणि खेदाची बाब अशी की त्याचे म्हणणे बरोबर असते. वुलिच येथील गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये तोफगोळ्यांसाठी दिलेल्या ठोकळ नियमानुसार, व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून पिळाने भागले की नळीला पेलेल अशी कमाल लांबी मिळते, म्हणजे ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीस दहा इंची पिळात सुमारे १.४२ इंच. वजनाचा या सूत्रात उल्लेखही नाही, आणि हा अनुल्लेख त्याने वैयक्तिक विजय मानलेला असतो.

नळीवर कोरलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास नसतो. घट्ट चिंधी लावलेला सफाईचा गज नळीत सारायचा, गजावर खूण करायची आणि खुणेचा एक फेरा पुरा होईपर्यंत गज किती आत गेला ते मोजायचे, ही रीत सर्वमान्य आहे. तिचा वापर कोठे करावा याला मात्र काही मर्यादा असावी. यजमानाने जेवणानंतर आजोबांची रायफल दाखवली, पाहुणे दस्त्याच्या अक्रोडाचे कौतुक करू लागले, की हा गज मागतो. सराव मैदानावर शेजारच्याच्या पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ लागलेल्या असोत, हा गज घेऊन हजर होतो आणि अशी नळी अशा गोळ्या मारू शकत नाही हे त्यास सिद्ध करून दाखवतो. दहा इंची नळीत बारा इंचांचा फेरा पुरा होत नसल्याने अर्धा फेरा मोजून दुप्पट करावा लागतो, त्यात चूकही दुप्पट होते, आणि म्हणून तो पुन्हा मोजतो.

त्याची काळजी अगदीच निराधार नव्हे. आखूड नळीतून गोळी रायफलीपेक्षा कमी वेगाने सुटते, आणि बारा इंची पिळात सेकंदाला जितके फूट वेग तितक्याच गिरक्या, असा हिशेब असल्याने वेग घटला की गिरकीही घटते. त्यात थंडीची हवा दाट. एम-१६ रायफलीचा पीळ कडाक्याच्या थंडीतील चाचण्यांनंतर चौदा इंचांवरून बारावर आणावा लागला, हा दाखला तो नोव्हेंबरात रोज देतो. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली तेव्हा त्या राज्याशी काही संबंध नसतानाही त्याला स्फुरण चढले, कारण तांबे शिशाहून हलके, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब, म्हणून सर्व नळ्या पुन्हा मोजणे आले.

एवढे होऊन हरीण बहुधा सत्तर पावलांवर उभे राहते, जिथे दशांश स्थळांना काही काम उरत नाही. आणि त्याचा मेहुणा, ज्याला पीळ म्हणजे काय हे ठाऊक नाही, दरवर्षी हरीण घेऊन येतो. तथापि न्यायाने नोंदवायला हवे की मेहुण्याच्या हरणामागे पुष्कळदा रक्ताचा लांब माग असतो. पिस्तूलवाल्याजवळ काडतूस एकच, म्हणून फांदी आड आली, वारा फिरला, की तो हात खाली घेतो. त्याने जखमी करून सोडलेले जनावर सहसा कोणाला सापडत नाही.

२०२१ मध्ये मालक कंपनीने ही पिस्तुले बनवणारा व्यवसाय विकायला काढला, तेव्हापासून तो मृत समव्यसनींच्या घरसामानाच्या विक्रीला जाऊ लागला आहे. तेथे मुले वडिलांच्या नळ्या रुमालावर मांडून बसलेली असतात, आणि प्रत्येक नळीला वडिलांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असते: पीळ, गोळीची लांबी, दारूचे माप. तो चिठ्ठी आदराने वाचतो, घडी घालून बाजूला ठेवतो आणि मुलाकडे गज मागतो.