आधी काडतूस, मग रायफल

अमेरिकेत मिशिगनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात एका जुन्या रायफलीचा फोटो पाठवला. सॅव्हेज ९९. खाली दोनच शब्द : "घेऊ का?" भाव परवडणारा होता. अक्रोडाचा दस्ता जपलेला होता. नळी आतून लख्ख आहे, असे दुकानदाराने त्याला सांगितले होते. मी विचारले, "काडतूस कुठले?" उत्तर आले, ".३०३ सॅव्हेज." मी लिहिले, "नको घेऊस."

तो रागावला. त्याचा राग मला समजतो, म्हणून कारणे नीट सांगतो.

रायफलीत खोट नाही, हे आधीच कबूल. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजने न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी कंपनी काढली आणि १८९९ साली हे मॉडेल आणले. चापाभोवतीची लिव्हर खाली ओढायची, वर घ्यायची, की पुढचे काडतूस नळीत. लिव्हरच्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात. तिथे टोकदार गोळी धोक्याची. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर टेकते आणि बार उडतानाच्या धक्क्याने ती टोपी आतच पेटू शकते. म्हणून तिथे चपट्या तोंडाची गोळी वापरतात. सॅव्हेजने काडतुसे फिरत्या चक्रात बसवली आणि ही अडचणच संपवली. जुन्या सॅव्हेजमध्ये तर आत किती काडतुसे उरली, त्याचा आकडाही बाजूच्या बारीक भोकातून दिसतो. हे मॉडेल विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत होते. भावाचे मन त्याच्यावर जडले, यात नवल नाही.

पण रायफल एकदाच विकत घेतात. काडतुसे दरवर्षी घ्यावी लागतात.

.३०३ म्हटले की आपल्याला पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री आठवते. पहिला धोका तिथेच आहे. ते ब्रिटिश लष्कराचे काडतूस, हे सॅव्हेजचे. नावातला आकडा एक, बाकी पुंगळीची लांबी वेगळी, आकार वेगळा, गोळीची जाडीही वेगळी. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. घाईत, अर्धवट माहितीवर घेतलेले खोके जिवाशी खेळ ठरू शकते. नळीवर कोरलेले नाव आणि खोक्यावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

दुसरी अडचण पुरवठ्याची. सॅव्हेज कंपनीनेच १९२० साली .३०० सॅव्हेज हे जास्त जोरकस काडतूस काढले. पुढे याच मॉडेलमध्ये .२४३ आणि .३०८ आले. .३०३ मागे पडले ते पडलेच. त्याच्याच बरोबरीचे .३०-३० मात्र टिकले, कारण ते विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलचे काडतूस आणि त्या मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. रायफली घरोघरी आहेत, म्हणून काडतूस दुकानोदुकानी आहे. २०२० आणि २०२१ साली अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा झाला, तेव्हा रोज खपणाऱ्या काडतुसांचीही फळी रिकामी दिसत होती. अशा वेळी कारखाना आधी खपाचा माल बनवतो. क्वचित लागणाऱ्या काडतुसाची पाळी शेवटी येते.

काडतुसावर बंदुकीचे नशीब ठरते, हे आपल्या देशाला नवे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश लष्कराच्या जुन्या रायफलीला चालणारा माल बंडखोरांच्या हाती पडेल, ही धास्ती होती. त्यामुळे इंग्लंडच्या बंदूककारांना .४६५ आणि .४७० असे नवे बोअर काढावे लागले. आपल्याकडे .३१५ बोअर रुजला तोही लष्कराचे काडतूस त्यात चालू नये म्हणून. ज्याच्या हाती काडतूस, त्याच्या हाती बंदूक, हे सरकारने ओळखले होते. विकत घेणाऱ्यानेही ओळखावे.

आता माझा खरा आक्षेप. तो पैशाचा नाही, हरणाचा आहे.

मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो. त्या पहाटे थंडीने बोटे आखडलेली असतात, उजेड कमी असतो, जनावर काही क्षणच समोर थांबते. तिथे कामी येतो तो फक्त सराव. एका खोक्यात वीस काडतुसे. उन्हाळ्यात रेंजवर एका दुपारी दोन खोकी सहज संपतात. ज्याच्याजवळ मुश्किलीने मिळवलेले एकच खोके आहे, तो त्यातली पाच उडवेल आणि उरलेली हंगामासाठी राखून ठेवेल. पाच काडतुसांत हात बसत नाही. हात न बसलेला माणूस हरीण मारत नाही, जखमी करतो. पोटात गोळी लागलेले जनावर तासन्‌तास फरफटत जाते आणि कुठल्या तरी झुडपात तडफडून मरते. दुर्मीळ काडतुसाची किंमत अशी दुसऱ्याच जीवाने मोजायची, हे मला मान्य नाही. शिकार करायची, तर एका गोळीत काम होईल एवढी तयारी करणे ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे.

मग असली रायफल कुणीच घेऊ नये का? घ्यावी. जो रिकाम्या पुंगळ्या जपतो, घरी साच्याच्या यंत्रावर टोपी, दारू आणि गोळी बसवून काडतूस तयार करतो, ज्याला ते काम येते आणि आवडते, त्याने जरूर घ्यावी. जिच्या घरात आजोबांची रायफल आहे, त्या नातीने ती प्राणपणाने जपावी. दोघांनीही पहिला बार उडवण्याआधी ती जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी.

भाऊ या दोन्हींत बसत नाही. त्याला हंगामात एक हरीण हवे आहे आणि वर्षभर सराव. त्याला मी शेवटी हेच सांगितले : रायफल हीच घे, पण .३०८ ची शोध. लाकूड तेच, चक्र तेच, लिव्हरचा तोच मऊ खटका. पैसे मोजण्याआधी गावातल्या दुकानात जा आणि फळीवर तुझ्या काडतुसाची दहा खोकी दिसतात का, ते मोज. दिसली, तर घे. नाही दिसली, तर रायफल कितीही देखणी असो, ती तिथेच ठेवून परत ये.