फॉक्सकाकांचा मूळ फॉर्म

फॉक्सकाकांना नवा फॉर्म काढताना कोणी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक पतसंस्था असो, साखर कारखाना असो की मंगल कार्यालय, समोरच्याचं अर्धं ऐकून होईतो काका म्हणतात, "आहे आपल्याकडे." त्यांच्याकडे असतो तो एकच मूळ फॉर्म, व्हिज्युअल फॉक्सप्रोत फार पूर्वी 'सेव्ह ॲज क्लास' करून ठेवलेला. वर संस्थेचं नाव, खाली नवीन, दुरुस्ती, जतन, रद्द, छपाई, बाहेर अशी बटणांची रांग. त्यातून कर्जखात्याचा फॉर्म निघाला, त्यातून पिग्मीचा, आणि पुढची वंशावळ काकांनाच ठाऊक.

या हट्टामागे भोगलेलं आहे, हेही सांगायला हवं. डॉसवरच्या फॉक्सप्रोत स्क्रीन जनरेटर प्रत्येक पडद्याचा कोड वेगळा लिहून द्यायचा. 'जतन'मध्ये चूक निघाली की जितके पडदे तितक्या दुरुस्त्या. 1995 साली आवृत्ती 3.0 आली आणि फॉर्मचा क्लास करता येऊ लागला. मूळ फॉर्मात एकदा सुधारा, बिल्ड मारा, सगळ्या पोराबाळांत ते आपोआप उतरतं. काकांना ते इतकं पटलं, की पुढचं काही पटायला जागाच उरली नाही.

त्यांचा खरा दरारा प्रॉपर्टी विंडोपाशी. मूळ क्लासकडून आलेली किंमत खालच्या फॉर्मात बदलली की ती तिथं ठळक दिसते. काका शिकाऊ पोराच्या खांद्यावरून वाकून बघतात.

"हे हाईट बोल्ड का?"

"काका, आकडा तोच आहे. फक्त हातानं टाकला."

"टाकलास ना हातानं? आता आई वाढली तरी हा वाढणार नाही. फुटलं घर!"

मग स्वतः माउस घेऊन उजवी क्लिक, 'रिसेट टू डिफॉल्ट'. अक्षरं बारीक होतात आणि काकांना चहा आठवतो. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं शंभर टक्के बरोबर असतं, हाच त्रास.

पोरांना बोल्डची बंदी, स्वतः मात्र थेट व्हीसीएक्स फाइल उघडतात. ती मुळात एक टेबलच. 'यूज', 'ब्राउज', आणि क्लासच्या रकान्यात हातानं बाप बदलून मोकळे. एकदा दुसऱ्या मशीनवर व्हीसीएक्स नेली आणि जोडीची व्हीसीटी विसरले, तेव्हा सबंध खानदान उघडेना. दोष पेनड्राइव्हला मिळाला.

2004 च्या अखेरीस आवृत्ती 9 आली, 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुढची काढणार नसल्याचं जाहीर केलं, 2015 च्या जानेवारीत आधारही थांबला. काका म्हणाले, "बरं झालं. आता खालून कोणी काही बदलणार नाही."

एका कारखान्याची ऊसनोंद त्यांनी अर्थातच कर्जखात्याच्या फॉर्मातून काढली. जामीनदाराचा रकाना नको होता, पण वरून आलेला घटक खालच्या फॉर्मात पुसता येत नाही. फॉक्सप्रो साफ नकार देतो. काकांनी तो 'लेफ्ट' उणे पाचशे करून पडद्याबाहेर ढकलला. दिसेना, पण होता. लागणीची तारीख टाकून एंटर मारला की कर्सर गुल. तो बाहेर जामीनदारापाशी जाऊन बसलेला असे. दुसऱ्या एंटरला परत येई, मग उसाची जात. शेतकी खात्यातले कारकून नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात: गाव एकदा, गट एकदा, तारखेला दोनदा.

आमच्यातल्या एकानं धीर करून सुचवलं, "काका, नुसता टॅबस्टॉप फॉल्स करा. कर्सर तिकडं जाणारच नाही."

काकांनी प्रॉपर्टी विंडो उघडली, चष्मा वर केला, बराच वेळ यादी न्याहाळली.

"त्याचं लेफ्ट आधीच बोल्ड आहे," ते म्हणाले. "त्यात आणखी एक? छे! दोनदा एंटर मारायला त्यांचं काय जातंय?"