दप्तरी धन्वंतरी

दप्तर वाचून शिकणाऱ्या नूतन यंत्रवैद्याच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे पातक आमच्या हातून घडणार नाही. कारण गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे न्यूमोनियाच्या सहस्रावधी रुग्णांचे दप्तर त्याच्यापुढे ठेवण्यात आले, तेव्हा त्याने त्यातून असा सिद्धांत काढला की, ज्या न्यूमोनियाग्रस्तास आधीपासून दमा आहे, त्याला मृत्यूचे भय इतरांहून कमी! दप्तर खोटे नव्हते आणि हिशेबही चुकला नव्हता. दमेकरी दिसताच डॉक्टर धास्तावून त्याची रवानगी थेट अतिदक्षता विभागात करीत, आणि म्हणून तो वाचे. एवढी क्षुल्लक बाब मात्र यंत्राच्या हिशेबात धरलेली नव्हती, आणि जे रकान्यात नाही ते जगात नाही, हे कोणत्याही कचेरीतील मुरलेल्या शिरस्तेदारास मान्य व्हावे. त्यातही हा नियम उघड लिहून दाखवणारे यंत्र भोळे म्हणायचे. अचूकतेत त्याच्यावर ताण करणारे न्यूरल नेटवर्क नावाचे दुसरे यंत्र आपण काय शिकलो ते कोणास सांगतच नसे, आणि त्याच्या पोटात आणखी काय काय दडले असेल या धास्तीने रिच कारुआना प्रभृती संशोधकांनी त्याला रुग्णांच्या वाऱ्यासही उभे केले नाही.

पुढे 2018 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांना आढळले की, छातीची क्ष-किरण चित्रे वाचणारे यंत्र चित्र कोणत्या रुग्णालयातले हे जवळजवळ बिनचूक ओळखते, आणि जेथे न्यूमोनिया फार तेथील छातीवर त्याचा संशयही फार. गावाचे नाव ऐकताच घराण्याची पत सांगणाऱ्या आमच्याकडील मध्यस्थांची ही विद्या सातासमुद्रापार कशी गेली, देव जाणे.

अर्थात गुणांची कदर केलीच पाहिजे. मदुराईचे अरविंद नेत्रालय व चेन्नईचे शंकर नेत्रालय यांच्या साहाय्याने गूगलने घडवलेले यंत्र मधुमेह्यांच्या नेत्रपटलाची हानी नेत्रतज्ज्ञांच्या तोडीने ओळखते, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जेथे डोळ्यांचा डॉक्टर दुर्लभ, तेथे हे वरदानच होय. तेच यंत्र थायलंडच्या दवाखान्यांत गेले. तेथे डोळ्याच्या स्पष्ट छायाचित्रासाठी लागणारी पुरेशी अंधारी खोली सर्वत्र नव्हती. सबब त्याने एक-पंचमांशाहून अधिक छायाचित्रे ‘अस्पष्ट’ असा शेरा मारून परत केली. परिचारिकेला ज्यात रोगाची खूण मुळीच दिसत नव्हती अशीही काही त्यांत होती. परंतु शेरा तो शेराच, आणि रुग्णाला कामाचा खाडा करून आणखी एखाद्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात हजर होण्याचा हुकूम मिळाला.