गाळा क्रमांक ११

मा. अध्यक्षसाहेब, शाळा समिती, यांसी,


शाळेच्या नव्या प्रवेशद्वाराबद्दल आणि त्याला जोडलेल्या ‘बिझनेस सेंटर’बद्दल मनःपूर्वक अभिनंदन. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही आजवर चेष्टेनं म्हणायचो. परवा उद्घाटनाला जेसीबीतून तुमच्यावर झेंडूची फुलं पडली, तेव्हा मला जर्मनीचीच काळजी वाटली.

तो जेसीबी मी लगेच ओळखला. उन्हाळ्यात मुलींचं स्वच्छतागृह त्यानंच पाडलं होतं. जागा रस्त्याकडेची, गाळ्यांना हवी होती. ‘नवीन दुसऱ्या टप्प्यात’ असं तुम्ही पालकसभेत सांगितलंत. पहिला टप्पा मात्र झपाट्यानं उरकला. अकरा शटरं, ग्रॅनाइटची कमान, आणि कोनशिलेवर शाळेपेक्षा मोठ्या अक्षरांत तुमचं नाव.

मैदान निम्मं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पोरं मोबाइलवर खेळतील, दुकान दारातच आहे. तिसऱ्या गाळ्यात पानटपरी आली. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. इथलं अंतर कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजता येईल, भूमितीचा सरावही होईल.

माझं म्हणणं पाण्याच्या एका बाटलीपुरतं आहे. माझी लेक सातवीत. मंगळवारी ती तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, ‘युरिन इन्फेक्शन. पाणी पीत नाही का ही?’ घरी येऊन दप्तर उघडलं. सकाळी मी गळ्यापर्यंत भरलेली बाटली तशीच होती, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. ‘प्यायलं की जावं लागतं, आई,’ ती म्हणाली. वर्गातल्या सगळ्याच मुलींच्या बाटल्या भरलेल्या परत जातात म्हणे. परभणीच्या उकाड्यात, साडेदहा ते पाच.

मग २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचली. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण, सगळं आहे. गाळे तेवढे राहून गेलेत, संसदेच्या नजरचुकीनं असेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांत सहा महिन्यांच्या आत स्वच्छतागृहं बांधायला बजावलं होतं. तुम्ही असलेलं पाडलंत. साहेब, बारा वर्षांची पोर तहान मारून गणितं सोडवते, आणि तुम्ही फुलं अंगावर घेता? लाज कशी वाटत नाही?

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. वेतनेतर अनुदान मधली काही वर्षं बंदच होतं, आताही वेळेवर येईल तर शपथ. वर्गावरचे पत्रे उडाले, तेव्हा भर पावसात स्कूटरवरून वर्गणी मागत फिरलेले तुम्हीच. आमच्याही दारात आला होतात, चपलांतून चिखल गळत होता. त्या माणसाला गाळ्यांचं भाडं किती मोलाचं वाटलं असेल, हे मी समजू शकते. म्हणूनच हे पत्र तुम्हाला, कलेक्टरसाहेबांना नाही. अजून तरी नाही.

अकरावा गाळा रिकामा आहे असं कळलं. डिपॉझिट आम्ही आया वर्गणी काढून भरू, भाडंही महिन्याच्या महिन्याला देऊ. करारनाम्यात व्यवसायाच्या रकान्यात ‘मुलींचं स्वच्छतागृह’ लिहावं. नळजोडणी घ्यावी, आणि शटरऐवजी आतून कडी लागणारं दार बसवावं. उद्घाटनाला जेसीबी नको.

आपली,
एक पालक