परिमंडळनिहाय भूक

ज्याहून स्वस्तात माणूस राबवायचा नाही, तो दर म्हणजे किमान वेतन. हा दर एकच नसतो. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाने तो उद्योगवार ठरवण्याची रीत घातली; 2019 च्या वेतन संहितेनेही कौशल्य आणि प्रदेश हे निकष सोडलेले नाहीत. त्यामुळे भुकेचा हिशेब मांडण्याआधी भुकेल्याचा हुद्दा आणि पत्ता लागतो.

महाराष्ट्रात कामगार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन प्रकारांत विभागलेले आहेत. डोक्यावर भरलेले घमेले घेऊन परांचीवरून तोल न जाता तिसऱ्या मजल्यावर चढणारा अकुशल गणला जातो. ही वर्गवारी करणारे परांचीवर चढले नसावेत.

त्यानंतर येतात परिमंडळे. साधारणपणे महापालिका व कटक मंडळांचा परिसर पहिल्या, नगरपालिका दुसऱ्या आणि उरलेला मुलूख तिसऱ्या परिमंडळात मोडतो, आणि वेतन त्याच क्रमाने उतरते. शहराची हद्द संपली की स्वस्ताई सुरू होते, असे गृहीत आहे. परभणी जिल्ह्यात पेट्रोल मुंबईहून महाग मिळते. पण पेट्रोलला परिमंडळ नाही. महागाईपोटीचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. मधल्या महिन्यांत महागाईने थांबावे, अशी अपेक्षा असावी.

वेतनामागचे गणित 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचे. कामगार 1, बायको 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6; एकूण माणसे तीन. दर माणशी रोज 2700 कॅलरी आणि कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड. म्हातारे आईवडील या बेरजेत नाहीत. बहुधा ते गावी, तिसऱ्या परिमंडळात राहत असावेत. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने पुढे आणखी 25 टक्के धरायला सांगितले.

राज्याची सीमा ओलांडली की गणित पुन्हा बदलते. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 312, गोव्यात 378 आणि हरियाणात 400 रुपये होती. म्हणजे गोव्याच्या सीमेवरचा बांद्याचा नाका ओलांडताच त्याच फावड्याला दिवसाला 66 रुपये जास्त. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने दिली. बरा दर इतरांना मिळाला. 2019 मध्ये केंद्राने सुचवलेली राष्ट्रीय किमान पातळी 178 रुपये होती, आणि तीही राज्यांवर बंधनकारक नव्हती.

ऊसतोडीत दिवसाचा दरच नाही, टनाचा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. श्रम परिषदेने बायकोला निदान 0.8 तरी धरले होते; फडात एक अधिक एक बरोबर एक. खाडा मात्र सुटा मोजतात. दोघांपैकी कोणीही एक दिवस आजारी पडले, तर अनेक ठिकाणी मुकादम दंड कापतो तो अख्ख्या कोयत्याच्या हिशेबातून.