सर्वानुमते मंजूर

प्रति,
मा. संस्थापक-अध्यक्ष, शिक्षणमहर्षी दादासाहेब यांस,

विषय : 'प्रशासन, नेतृत्व व व्यवस्थापन' या निकषातल्या देदीप्यमान कामगिरीबद्दल अभिनंदन.
संदर्भ : आपला बुधवारचा रात्री साडेदहाचा फोन.

महोदय,

शिरसाष्टांग नमस्कार. यातलं शिर आपल्यापुढे टेकलेलंच असतं. उरलेली अंगं महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येऊन गेल्यापासून उठलेली नाहीत. पत्र खुलं लिहितोय, कारण बंद पाकीट आपल्यापर्यंत पोचायला आधी प्राचार्य, मग रजिस्ट्रार, मग भैयासाहेबांचे पीए अशा तीन सह्या लागतात. उघड्या पत्राला एकही लागत नाही.

तर बुधवारी आपला फोन आला. "शनिवारच्या विद्या परिषदेचं इतिवृत्त झालं का लिहून?" मी म्हटलं, "झालंय दादासाहेब, फक्त ठराव क्रमांक सातचे सूचक-अनुमोदक घालायचे राहिलेत." "घाला कुणालाही," एवढं बोलून आपण फोन ठेवलात. शैक्षणिक प्रशासनावर मी तीन कार्यशाळा केल्या, प्रमाणपत्रं लॅमिनेट करून फाइलला लावली. पण सगळं शास्त्र या दोन शब्दांत मावेल, असं एकाही तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं.

इतर ठिकाणी म्हणे आधी बैठक घेतात आणि मग तिथे काय झालं ते लिहितात. त्यात वेळ जातो, चहा जास्त लागतो आणि कुणीतरी काहीतरी बोलून बसायची भीती असते. आपण हा क्रमच फिरवलात. चार भावांच्या घरात संध्याकाळी भाजी कोणती करायची यावर एकमत होत नाही. आपल्याकडे बेचाळीस विषयांच्या अभ्यासक्रमावर बारा मिनिटांत होतं. मी सहा वर्षं सदस्य-सचिव आहे. या सहा वर्षांतल्या एकूण एक ठरावाचा शेवट दोनच शब्दांनी झाला आहे : सर्वानुमते मंजूर.

आता नियम बघा किती भाबडे. स्वायत्त महाविद्यालयाच्या विद्या परिषदेत विभागप्रमुख असावेत, शिक्षकांचे प्रतिनिधी असावेत, बाहेरचे तज्ज्ञ असावेत, विद्यापीठाने नेमलेली माणसं असावीत आणि प्राचार्यांनी अध्यक्षपद भूषवावं, असं यूजीसी सांगते. काय शिकवायचं हे शिकवणाऱ्यांनी ठरवावं, असा काहीतरी त्यामागचा समज दिसतो. आपण नियमाला कधी धक्का लावला नाहीत. अध्यक्ष प्राचार्यच आहेत. आपण केवळ 'विशेष निमंत्रित' आहात. आता मधली उंच पाठीची खुर्ची विशेष निमंत्रितांची असते आणि प्राचार्य तिच्या डावीकडे घडीच्या खुर्चीवर बसतात, हा आमच्या सभागृहातल्या फर्निचरचा दोष. शिवाय आमचे प्राचार्य गेली चार वर्षं 'प्रभारी' आहेत. कायम माणसाला पाठीचा कणा फुटण्याची शक्यता असते, प्रभारी माणसाला नाही, ही आपली दूरदृष्टी.

विद्या परिषदेच्या वर नियामक मंडळ. तिथली विविधता तर नॅकच्या समितीनेही वाखाणली : आपण अध्यक्ष, वहिनीसाहेब खजिनदार, भैयासाहेब कार्यकारी संचालक, ताईसाहेब सचिव आणि मामासाहेब खरेदी समितीवर. स्त्री-पुरुष समतोल आहे, तीन पिढ्यांचं प्रतिनिधित्व आहे, फक्त वर्गात जाऊन शिकवणारं कुणी नाही. पण ती पोकळी 'वर' हा शब्द भरून काढतो. प्रिंटरचं टोनर संपलं तरी क्लार्क म्हणतो, "वर विचारून सांगतो." नापास मुलगा पुनर्मूल्यांकनात पास झाला तर परीक्षा विभाग म्हणतो, "वरून फोन होता." आमच्या दर्शनी भिंतीवर फ्लेक्सवर संस्थेचा संघटनात्मक तक्ता आहे. त्यातले बाण खालून वर जातात आणि वरून खालीही येतात. फ्लेक्सवाल्याने वर जाणारे बाण उगाच छापले. फक्त खाली येणारे ठेवले असते तर शाई वाचली असती.

दादासाहेब, मागच्या बैठकीत एक अपघात झाला, त्याचा खुलासा करणं सदस्य-सचिव म्हणून माझं कर्तव्य आहे. विषय होता 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स'च्या जागा ६० वरून १८० करण्याचा. चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५पासून जागांची कमाल मर्यादाच उठवली, हे भैयासाहेबांच्या आधी आपल्या लक्षात आलं होतं. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ तरुण होते, नवखे होते. त्यांना विषयपत्रिका वाचायची खोड असावी. त्यांनी काजूची बशी बाजूला सरकवली आणि विचारलं, "१८० म्हणजे चार वर्षांचे मिळून ७२०. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरला तर छत्तीस लागतील. तुमच्याकडे आहेत किती?"

सभागृहात एसीचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला. भैयासाहेब मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचू लागले. प्राचार्यांनी चहात साखर नसतानाही चमचा बराच वेळ फिरवला. शिक्षक नऊ होते. त्यातले चार मुळात सिव्हिलचे. त्या शाखेकडे मुलं फिरकेनात म्हणून पाच दिवसांचं प्रशिक्षण देऊन आपण त्यांना डेटा सायंटिस्ट केलंत. शेवटी रजिस्ट्रार देवासारखे धावून आले. "सर, चहा घ्या ना, गार होतोय," ते म्हणाले, आणि पुढचा विषय सुरू झाला.

इतिवृत्तात मी काय लिहिलं ते आपण वाचलंच आहे : 'बाह्य तज्ज्ञ सदस्यांनी विद्यार्थिसंख्येबाबत सविस्तर माहिती घेऊन समाधान व्यक्त केलं. ठराव सर्वानुमते मंजूर.' त्या तज्ज्ञांचं नाव पुढच्या यादीत नाही. कारणाच्या रकान्यात 'व्यस्ततेमुळे' असं मीच लिहिलं.

माझ्या या लेखनकलेचा कस नॅकच्या वेळी लागला. निकष सहावा, प्रशासन-नेतृत्व-व्यवस्थापन, हजारपैकी शंभर गुणांचा. त्यात 'विकेंद्रीकरण आणि सहभागी व्यवस्थापन' दाखवायचं होतं. आपण वरून आदेश दिलात की विकेंद्रीकरण सोमवारपर्यंत झालं पाहिजे. मग मी आणि तासिका तत्त्वावरचे दोन सहकारी तीन रात्री बसलो आणि बावीस समित्यांच्या पाच वर्षांच्या बैठका घेतल्या. दर वर्षाला पेन वेगळं. जुन्या वर्षांच्या वह्यांची पानं अंगठ्याने जरा मळवली. तक्रार निवारण समितीला दर वर्षी दोन तक्रारी दिल्या, एक पाण्याची आणि एक पंख्याची, आणि दोन्हींचं निवारण केलं. खरी तक्रार, म्हणजे त्या दोघा सहकाऱ्यांचं पाच महिन्यांचं थकलेलं मानधन, तेवढी लिहायची राहून गेली. ती लिहायला आमच्याकडे सहावं पेन नव्हतं.

इथे आपली सचोटीही नोंदवली पाहिजे. २०२५च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. रोकड, सोनं, मोबाइल, लॅपटॉप असं बरंच त्यात निघालं म्हणे. आपण तसलं काही केलं नाहीत. आपण फक्त कुंड्या भाड्याने आणल्यात.

पगाराच्या बाबतीतही आपली पारदर्शकता नमुनेदार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. आपण ते बँकेत जमा करता. मग महिन्याच्या सात तारखेला 'संस्था विकास निधी'साठी त्यातला मोठा भाग आम्ही स्वखुशीने, रोखीने, विनापावती परत करतो. विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचं शुल्क शासनाचं नियामक प्राधिकरण खर्च पाहून ठरवतं, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना यातला त्याग दिसतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांना हिशेब दिसतो. कागदावरचा पगार जितका मोठा तितकी फी मोठी, आणि खिशातला पगार जितका छोटा तितका प्राध्यापक नम्र. एका दगडात दोन पक्षी, आणि दगडही आमच्याच पैशाचा.

आपण भाषणात नेहमी इतिहास सांगता, म्हणून मीही थोडा सांगतो. आपल्यासारख्या संस्थांचं दार उघडलं ते १९८३मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. महाराष्ट्रातली मुलं कर्नाटकात जाऊन पैसे भरून इंजिनिअर होत होती. ती इथेच व्हावीत हा विचार वावगा नव्हता. त्या दारातून खेड्यापाड्यांतली किती मुलं पहिल्यांदा इंजिनिअर झाली! त्यातला एक मी. त्यामुळे 'खासगी' या शब्दाला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

खासगी तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीही होती. १८८४ची स्थापना, दुसऱ्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तिथे शिकवणारेच आजीव सभासद, आणि संस्था चालवणारेही तेच. टिळक, आगरकर, गोखले एका टेबलाभोवती. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेले परांजपे तुटपुंज्या पगारावर शिकवायला राहिले आणि १९०२मध्ये प्राचार्य झाले. त्या टेबलाभोवती एकमत व्हायचं का? छे. आजीव सभासदांनी बाहेरची कामं आणि कमाई करावी की नाही, यावरून इतकं पेटलं की १८९०च्या अखेरीस टिळकांनी सविस्तर कारणं लिहून राजीनामा दिला. ते पत्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासकांना वाचायला मिळतं, कारण तिथे मतभेद लिहून ठेवायची पद्धत होती. टिळक आपल्या विद्या परिषदेत असते, तर मी लिहिलं असतं : 'मा. टिळक यांनी समाधान व्यक्त केलं.'

खासगी तर कर्मवीर भाऊराव पाटलांची रयतही होती, १९१९ची. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. भाऊरावांनी साताऱ्याच्या कॉलेजला शिवाजी महाराजांचं नाव दिलं, कराडच्या कॉलेजला गाडगे महाराजांचं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला आजोबांचं नाव आहे, नर्सिंगला आईसाहेबांचं, सभागृहाला आपलं, आणि भैयासाहेबांसाठी फार्मसी राखून ठेवली आहे. तेही वारसा जपणंच झालं.

सर्वोच्च न्यायालयाने २००२च्या टी. एम. ए. पै निकालात आणि २००५च्या इनामदार निकालात आपल्याला संस्था चालवायचा हक्क दिला. वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायलाही परवानगी दिली, नफेखोरीला नाही. त्या परवानगीचं पहिलं अर्धं वाक्य आपल्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे. काच छोटी होती म्हणून दुसरं अर्धं बसलं नसावं.

आता उपरोध बाजूला ठेवतो, कारण गेल्या मंगळवारची एक गोष्ट सांगायची आहे. एआय शाखेची तिसऱ्या वर्षातली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, हे ग्रेडियंटचं गणित कुणाला विचारू?" मी तिला ज्यांच्याकडे तो विषय आहे त्यांच्याकडे पाठवलं. ते सिव्हिलचे. काँक्रीट या विषयावर त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मी पाहिलेला नाही. नुसत्या हाताच्या मुठीने ते मिश्रणाचं प्रमाण सांगत. दाराशी उभा राहून मी ऐकलं. ते म्हणाले, "बाळ, मला हे येत नाही. मी शिकतोय. तोवर यूट्यूबवर बघ." आणि त्यांनी मान खाली घातली. चौदा वर्षांत त्यांना वर्गात मान खाली घालताना मी पाहिलं नव्हतं.

त्या मुलीची फी, त्या शिक्षकाची खाली गेलेली मान आणि मी लिहिलेलं ते 'समाधान', या तिन्हींचा थेट संबंध आहे, दादासाहेब. त्या तज्ज्ञाचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहिला असता, तर कदाचित काहीच बदललं नसतं. पण कुणीतरी विचारलं होतं, एवढं तरी वहीत राहिलं असतं. आपल्यावर बोट दाखवणं सोपं आहे. पण इतिवृत्तातलं अक्षर माझं आहे.

म्हणून मोठ्या मागण्या करत नाही. आपण कुलपती व्हा, भैयासाहेबांना प्र-कुलगुरू करा, उंच पाठीची खुर्चीही आपलीच राहू द्या. विनंती एकच : इतिवृत्त बैठकीनंतर लिहू द्या. ज्याने 'नाही' म्हटलं, त्याच्या नावापुढे 'नाही' लिहू द्या. एवढं झालं तर निम्म्या समित्यांची गरज उरणार नाही, आणि मला पाच रंगांची पेनं लागणार नाहीत.

सोबत शनिवारच्या बैठकीचं इतिवृत्त जोडलं आहे. ठराव क्रमांक सातच्या खाली सूचक-अनुमोदकांची नावं घातलेली नाहीत. तिथे सहा ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. कुणी काही बोललं, तर लिहीन.

आपला,
सदस्य-सचिव, विद्या परिषद
(शनिवारपर्यंत)