खारं की गोडं?

शिडाची होडी बाळगणाऱ्यांत हा इसम हमखास सापडतो. पाहुणे सूर्यास्ताचे फोटो काढत असतात तेव्हा हा केबिनमधल्या फळ्या उचलून होडीच्या पार तळात, बिल्जमध्ये, डोकं खुपसून बसलेला असतो. वाटीभर पाणी दिसलं की त्यात बोट बुडवायचं आणि चाटायचं. डिझेल, वंगण, गेल्या मोसमातला साबण, सगळ्यांचं मिळून झालेलं ते तीर्थ! मग वैद्यबुवांच्या चेहऱ्याने निदान: गोडं असेल तर टाकी गळतेय किंवा पाऊस डोलकाठीवरून खाली उतरतोय, खारं असेल तर समुद्र आत येतोय. ऐकणाऱ्यांना मळमळतं, पण निदान चुकत नाही. गोड्या पाण्याची टाकी कधीतरी रिकामी होते. खाऱ्याची टाकी म्हणजे अख्खा अरबी समुद्र.

यावर शहाण्यांची शंका ठरलेली: ऑटोमॅटिक पंप कशाला बसवलाय मग? पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो, पंप आपोआप सुरू होतो. इथे आपल्या गृहस्थाची बाजू घ्यावीच लागते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंची भोक पडलं, तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत घुसतं. डब्यावर ताशी 2000 गॅलन छापलेला पंप कागदावरसुद्धा मिनिटाला 126 लिटरच फेकतो. पाणी उंच चढवायचं, लांब नळीतून ढकलायचं आणि त्यात बॅटरी उतरत चाललेली, म्हटल्यावर त्याहून बराच कमी. शिवाय थोडी गळती असेल तर पंप ती गुपचूप उपसत राहतो आणि बॅटरी संपेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून हा माणूस पाणी उपसण्यापेक्षा ते आत येऊ न देण्यामागे लागतो. प्रत्येक सीकॉकचा, म्हणजे होडीच्या अंगातल्या भोकावर बसवलेल्या झडपेचा, दांडा फिरवून पाहतो, नळीला दोन-दोन क्लिपा आवळतो, प्रत्येक सीकॉकला लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवतो. इंजिन चालू असताना पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधून पडणारे थेंब घड्याळ लावून मोजतो. ते खारेच असणार हे ठाऊक असूनही, चाटतो.

लाकडी होड्या गळायच्याच, तरी लोक जग फिरून आलेच ना, असंही कुणी म्हणेल. आलेच, पण कसे? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली सागवानी होडी. 1968-69 साली तिच्यातून त्याने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत तळाजवळची सांध गळू लागली, तेव्हा नुसता पंप मारत बसण्याऐवजी त्याने पाण्यात उतरून सांधेत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. पंथ तोच. काम पाण्याखालचं असल्याने चवीची सोय आयती झाली असणार.

अशा माणसाबरोबर सफर म्हणजे शिक्षा, हा आक्षेप मात्र मान्य. पण नांगर टाकल्यावर पाहुणे घोरतात ते याच्या जिवावर. मध्यरात्री टॉर्च घेऊन फळी उचलणारा हाच, आणि सकाळी चहाबरोबर थट्टाही याचीच. पुढे गुडघे वाकेनासे होतात आणि होडी विकायला निघते. गिऱ्हाईक शिडं चाचपतं, इंजिनाचे तास विचारतं. फळी उचलायला कुणी सांगत नाही, म्हणून हाच उचलून दाखवतो: तळ कोरडा ठणठणीत, चाटायला थेंब नाही. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि विचारतं, “फ्रिज चालू आहे ना?”